लॅपटॉपचा प्रोसेसर आणि राखून ठेवलेला वेग

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना वाटेल की, ही कॉलेजातल्या पोरांची हौस. तिला व्याख्यानमालेत काय म्हणून आणावे? शंका रास्त आहे. पण संगणक आता आपल्या वसई-विरारच्या इमारतींतून, वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या कचेऱ्यांतून, पतपेढ्यांतून आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसला आहे. त्याच्या पोटातले मुख्य यंत्र, म्हणजे प्रोसेसर, किती वेगाने चालवावे हे कोण ठरवितो? ती मर्यादा कशाच्या आधारावर ठरते? आणि आपण ती ओलांडली तर काय मिळते, काय जाते? हे प्रश्न हौशी पोरांचे उरलेले नाहीत. ज्याचे हिशेब संगणकावर आहेत, त्याचे ते आहेत.

ह्या प्रश्नांचे उत्तर शोधायला मला एक उलटी वाटणारी घटना फार उपयोगी पडते. २००४ च्या सुमारास असे दिसून आले की, कमी वीज खावी म्हणून लॅपटॉपसाठी निवडलेला एक प्रोसेसर मेजावरच्या मोठ्या संगणकात बसविला आणि त्याचा वेग वाढविला, तर तो मेजासाठीच बनविलेल्या आपल्या महाग भावंडांना मागे टाकतो. अल्पाहारी माणसाने पहिलवानाला चीत करावे, तसा हा प्रकार. असे का झाले, हे नीट कळले की वेगाच्या मर्यादेचे सारे रहस्य उलगडते.

आधी एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. ‘मोबाइल प्रोसेसर’ म्हटले की आज फोन आठवतो. येथे तो अर्थ नाही. संगणकाच्या व्यवहारात लॅपटॉपमध्ये बसविण्यासाठी काढलेल्या प्रोसेसरला हे नाव फार वर्षांपासून आहे. आणि ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे, ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

आपल्याकडे ह्या उद्योगाला वाव मिळाला, तो असेंबल केलेल्या संगणकामुळे. चर्चगेटच्या गाडीने मुंबई सेंट्रल किंवा ग्रँट रोड गाठायचे, लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा (त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून प्रोसेसर, तिसऱ्यातून एसएमपीएस घ्यायचा आणि संध्याकाळच्या विरार गाडीच्या गर्दीत ती खोकी छातीशी धरून घरी यायचे. ज्याने आपला संगणक असा सुट्या भागांतून जुळविला, त्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो : हा अमुक वेगाचाच का? थोडा अधिक का पळू नये?

तर आता वेग म्हणजे काय ते पाहू.

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म स्विच असतात. आपण ज्याचा विचार करीत आहोत तो एएमडी कंपनीचा ‘बार्टन’ जातीचा प्रोसेसर. तो २००३ च्या फेब्रुवारीत बाजारात आला. त्याच्या सुमारे एक चौरस सेंटिमीटर तुकड्यावर ५ कोटी ४३ लाख स्विच होते. एवढ्या मंडळींनी एकदिलाने काम करावयाचे, तर कोणीतरी ताल धरला पाहिजे. हा ताल म्हणजे क्लॉक. आपल्या मिरवणुकीतले पथक आठवा. ढोल सावकाश, ठाय लयीत पडतो. त्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये ताशा कितीतरी वेळा कडकडतो. मदरबोर्डाचा ताल हा ढोल, आणि प्रोसेसरचा आतला ताल हा ताशा. ढोलाच्या एका ठोक्याला ताशाचे किती ठोके, ह्या आकड्याला मल्टिप्लायर, म्हणजे गुणक, म्हणतात. लॅपटॉपच्या ज्या बार्टनने नाव काढले, त्या अॅथलॉन एक्सपी-एम २५००+ चा ढोल १३३ मेगाहर्ट्झचा आणि गुणक १४. म्हणजे ताशा सुमारे १,८६७ मेगाहर्ट्झचा. सेकंदाला १८६ कोटींहून अधिक ठोके. ह्यांतल्या एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशकिरणसुद्धा अवघा १६ सेंटिमीटर जातो.

आता हा ताशा अधिक जलद का वाजवू नये? येथे मी आपल्या वाड्यांतला रहाट आठवायला सांगेन. पंप येण्यापूर्वी वसईच्या बागायतीला पाणी रहाटाने मिळे. गाडग्यांची माळ विहिरीत उतरे, प्रत्येक गाडगे बुडून भरे, वर येऊन पन्हळीत रिते होई. रहाट बेताने फिरविला तर गाडगी काठोकाठ भरून येत. बैलाला फार हाकले तर गाडग्याला पाण्यात राहायला वेळच मिळेना; ते अर्धेच भरून वर येई. प्रोसेसरमधला प्रत्येक स्विच असेच एक गाडगे आहे. ते विजेने भरले तर त्याचा अर्थ ‘एक’, रिते असले तर ‘शून्य’. ते भरायला किंवा रिते व्हायला काही अल्प काळ लागतोच. पुढचा ठोका त्याआधी पडला, तर गाडगे अर्धे भरलेले राहते, आणि पुढचा स्विच त्याला ‘एक’ म्हणेल की ‘शून्य’, ह्याचा भरवसा उरत नाही. कोट्यवधी स्विचांतून जाणाऱ्या अनेक वाटांपैकी जी वाट सर्वांत लांब आणि सुस्त, तिच्यावर सगळ्यांचा वेग ठरतो. बाकीच्या वाटा कितीही चपळ असल्या तरी त्यांना तिच्यासाठी थांबावे लागते.

वेग वाढवूनही गाडगी भरावीत, ह्यासाठी एक उपाय आहे. विहिरीचे पाणी वर आणावे. मग गाडगे अधिक खोल बुडते आणि लवकर भरते. विजेच्या भाषेत विहिरीच्या पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज. व्होल्टेज वाढविले की स्विच चपळ होतात. म्हणूनच ओव्हरक्लॉकिंग करणारा मनुष्य वेग वाढवितो, संगणक अडखळला की थोडे व्होल्टेज वाढवितो, पुन्हा वेग वाढवितो.

पण ह्या उपायाची किंमत जबर आहे, आणि ती कशी चढते हे समजून घेण्यासारखे आहे. एक हौद घ्या. तो काही उंचीपर्यंत भरायचा आणि रिता करायचा. उंची दुप्पट केली, तर पाणी दुप्पट लागते. शिवाय ते दुप्पट उंच चढवावे लागते. म्हणजे श्रम चौपट. व्होल्टेजचे असेच आहे. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ह्यात स्विच बंद असतानाही झिरपणारी वीज धरलेली नाही. तीही व्होल्टेजबरोबर आणि उष्णतेबरोबर वाढतेच. आणि प्रोसेसरने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. तिच्यातून दुसरे काही शिल्लक राहत नाही.

आता मूळ कोड्याकडे येऊ. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या मसाल्याने बनतो असा पुष्कळांचा समज असतो. बार्टनच्या बाबतीत तसे नव्हते. सिलिकनच्या एकाच चकतीवर एकाच आराखड्याचे शेकडो तुकडे तयार होतात, पण ते सगळे एका गुणाचे निघत नाहीत. केळीच्या एकाच घडात वरच्या फण्या चांगल्या भरतात, खालची केळी बारीक राहतात. झाड एक, खत एक, पाणी एक. तसेच हे. म्हणून कारखान्यात प्रत्येक तुकडा तपासतात आणि प्रतवारी करतात. काही तुकड्यांना ठरलेल्या वेगासाठी १.६५ व्होल्ट लागतात. काही गुणी तुकडे तेवढाच वेग कमी व्होल्टेजवर देतात. लॅपटॉपची बॅटरी छोटी, पंखा इवलासा, म्हणून हे कमी व्होल्टेजचे तुकडे त्याच्यासाठी बाजूला काढतात. मेजावरचा अॅथलॉन एक्सपी २५००+ हा १,८३३ मेगाहर्ट्झला १.६५ व्होल्ट घेई आणि जास्तीत जास्त सुमारे ६८ वॅट खाई. त्याचा लॅपटॉपमधला भाऊ १,८६७ मेगाहर्ट्झला १.४५ व्होल्टवर चाले, आणि त्याची मर्यादा होती ४५ वॅट.

कोड्याचे उत्तर ते हेच. काटकसरीसाठी निवडलेला प्रोसेसर दुबळा नव्हता. त्याच्यात शिल्लक अधिक होती. ती शिल्लक कंपनीने बॅटरीच्या कारणी लावली होती. मेजावरच्या संगणकात बॅटरीची चिंता नाही, हीटसिंक हवे तेवढे मोठे लावता येते. तेव्हा तीच शिल्लक वेगाच्या कारणी लावता आली.

दुसरेही एक कारण होते, ते कुलपाचे. १९९० च्या दशकात जगातल्या बाजारांत एक लबाडी चाले. कमी वेगाच्या प्रोसेसरवरची अक्षरे खरवडून त्यावर अधिक वेगाचा आकडा छापायचा आणि चढ्या भावाने विकायचा. गिऱ्हाइकाला ते ओव्हरक्लॉक केलेले यंत्र आहे हे कळतही नसे. ह्यावर आणि हौशी लोकांवरही उपाय म्हणून इंटेलने दशकाच्या अखेरीस गुणक कुलूपबंद करण्यास सुरुवात केली, आणि २००३ च्या अखेरीस एएमडीनेही आपल्या मेजावरच्या अॅथलॉनना तसेच कुलूप घातले. पण लॅपटॉपच्या प्रोसेसरला ते घालता येईना, कारण बॅटरीवर चालताना त्याने आपला गुणक आपणच कमी करावयाचा आणि काम आले की वाढवावयाचा, अशी त्याची रचना होती. खालच्या दिशेने जाण्यासाठी उघडे ठेवलेले हे दार हौशी लोकांनी वरच्या दिशेने वापरले. दोघांच्याही खाली तेच ४६२ छिद्रांचे सॉकेट. म्हणून लॅपटॉपचा तुकडा मेजावरच्या मदरबोर्डावर नुसता उचलून ठेवता आला.

आता हिशेब करू. एनव्हिडियाच्या एनफोर्स-२ संचावर बनलेल्या चांगल्या मदरबोर्डांवर ढोल २०० मेगाहर्ट्झला नेता येई, आणि तसे करताना बाकीच्या कार्डांचा ताल बिघडत नसे, ही त्या संचाची खरी खुबी. गुणक १२.५ ठेवला की ताशा झाला २,५०० मेगाहर्ट्झ. ह्यासाठी व्होल्टेज १.६५ करावे लागले असे धरू. वेग वाढला १.३४ पट. व्होल्टेज वाढले १.१४ पट, त्याचा वर्ग सुमारे १.३०. दोहोंचा गुणाकार १.७३. म्हणजे ४५ वॅटचे झाले सुमारे ७८ वॅट. त्या वेळचा एएमडीचा मेजावरचा सर्वांत वरचा बार्टन, ३२००+, हा २,२०० मेगाहर्ट्झलाच जवळजवळ ७७ वॅट खात असे. तेवढ्याच विजेत लॅपटॉपच्या तुकड्याने ३०० मेगाहर्ट्झ अधिक दिले, आणि त्याची किंमत पुष्कळच कमी होती. पण हाव पुढे नेऊन २,६०० मेगाहर्ट्झसाठी १.७५ व्होल्ट दिले की तोच हिशेब ९१ वॅटवर जातो. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी १३ वॅट! वेगाची वाढ अवघी शेकडा चार, विजेची शेकडा सोळाहून अधिक. चढण कोठे उभी होते, हे ह्या आकड्यांवरून दिसेल.

इंटेलच्या घरातही ह्याच सुमारास अशीच गोष्ट घडली, आणि तिचे परिणाम अधिक दूरचे झाले. (इंटेलचे नाव निघाले म्हणून सांगतो : १९९३ च्या पेंटियमच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. १९९५ मध्ये त्यांनी इंटेल सोडली आणि ते नेक्सजेन ह्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने घेतली आणि तिच्या आराखड्यातून एएमडीचा के-६ आला. प्रतिस्पर्धी घराण्यांत असा आतून सोयरसंबंध असतो.) इंटेलचा मेजावरचा पेंटियम ४ हा मेगाहर्ट्झच्या आकड्यांसाठी घडविलेला होता. प्रत्येक ठोक्याला थोडे काम, पण ठोके फार. २००४ च्या अखेरीस तो ३.८ गिगाहर्ट्झला पोचला तेव्हा त्याची मर्यादा ११५ वॅट झाली होती, आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जाहीरपणे सोडून द्यावा लागला. तिकडे इस्रायलमधल्या हैफा येथील इंटेलच्याच मंडळींनी लॅपटॉपसाठी पेंटियम एम घडविला होता. तो प्रत्येक ठोक्याला अधिक काम करी, आणि २ गिगाहर्ट्झच्या आसपास २१ ते २७ वॅटमध्ये भागवी.

हा पेंटियम एम मेजावरच्या सॉकेटात मात्र बसत नसे. पिनांची मांडणी वेगळी. २००५ मध्ये आसुस कंपनीने सीटी-४७९ नावाचा एक छोटा जोडतुकडा काढला. तो पेंटियम ४ च्या काही ठराविक मदरबोर्डांच्या सॉकेटात बसवायचा आणि त्याच्या पाठीवर पेंटियम एम. त्याचा हीटसिंक वेगळा, विजेची तारही वेगळी. वेग २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास नेला की कित्येक खेळांच्या चाचण्यांत तो साडेतीन गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ च्या पुढे जाई. चित्रफीत रूपांतर करण्यासारख्या कामांत मात्र तो मागे पडे, हेही सांगितले पाहिजे. हौशी लोकांनी घरच्या टेबलावर जे दाखविले, त्याच दिशेने पुढे खुद्द कंपनी गेली. २००६ च्या जुलैत आलेला कोअर २ डुओ हा पेंटियम ४ चा वारस नव्हता. त्याची कुळी पेंटियम एमकडे जाते. त्याची नेहमीची मर्यादा होती ६५ वॅट.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की, मग कंपन्या वेग उगीच दाबून ठेवतात आणि तो काढून घेणे हा आपला हक्कच. असे म्हणण्यापूर्वी ती शिल्लक कशासाठी ठेवलेली असते ते पाहिले पाहिजे, आणि येथे आपल्या हवेचा संबंध येतो.

वर सांगितलेला प्रोसेसर बव्हंशी थंड देशांतल्या हौशी लोकांनी नावारूपाला आणला. समजा, हीटसिंक असा आहे की तो दर वॅटला ०.४ अंश तापतो. ४५ वॅटला १८ अंश, ७८ वॅटला ३१ अंश. खोली २४ अंशांची आणि पेटीच्या आतली हवा ३० अंशांची असली, तर वेग वाढविलेला प्रोसेसर ६१ अंशांवर राहील. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बंद खोलीत ३४ अंश ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पेटीत ४० धरा. प्रोसेसर ७१ वर गेला. आणि सिलिकनचे स्विच तापले की सुस्तावतात. जानेवारीत बिनचूक चाललेला वेग मेमध्ये अडखळतो तो ह्यामुळे. मग हौशी मनुष्य व्होल्टेज वाढवितो, त्याने उष्णता आणखी वाढते, आणि ह्या फेऱ्याला अंत नसतो. खाडीवरून येणारी खारी, दमट हवा, रेल्वेच्या आणि बांधकामांच्या धुळीने हीटसिंकच्या पापुद्र्यांत बसणारा थर, आणि कधी उतरणारा कधी चढणारा घरातला विद्युत्-दाब, हे सारे त्या शिल्लकीतूनच भागवावयाचे असते. कंपनीला आपला प्रोसेसर बर्फाळ गावात आणि विरारच्या पत्र्याखालच्या दुकानातही चालवून दाखवावा लागतो. त्यासाठी ठेवलेली ही राखीव गंगाजळी आहे.

वेळ हा त्या शिल्लकीचा आणखी एक वाटेकरी. अधिक व्होल्टेज आणि अधिक उष्णता ह्यांनी आतल्या अतिसूक्ष्म तारांतले धातूचे अणू प्रवाहाच्या रेट्याने हळूहळू सरकतात. स्विचही झिजून सुस्त होतात. आज जो वेग १.६५ व्होल्टवर मिळतो, तोच दोन-तीन वर्षांनी मिळेलच असे नाही. ह्याचे ताजे उदाहरण हौशी लोकांचे नसून खुद्द इंटेलचे आहे. तिच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे मेजावरचे काही प्रोसेसर वापरात असताना बिघडू लागले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले की प्रोसेसरच्या आतल्या सूचनाच गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होत्या. तिला सूचना बदलाव्या लागल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

पण यंत्र बंद पडणे हा लहान धोका. मोठा धोका वेगळा आहे, आणि ह्या व्याख्यानाचा खरा विषय मी तोच समजतो. यंत्र बंद न पडता चुकू शकते. अर्धे भरलेले गाडगे प्रत्येक वेळी पडदा निळा करीत नाही. १२,५०० ह्या आकड्यातला द्विमान पद्धतीचा एकच अंक उलटला की त्याचे ८,४०४ होतात. संगणक ते निर्विकारपणे साठवितो, छापतो, पुढच्या बेरजेत धरतो. कोणतीही घंटा वाजत नाही.

हे भय काल्पनिक नाही. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन ह्यांनी जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर फार मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा एक प्रकल्प सुरू केला. त्यातले एकेक गणित संगणकावर दिवसेंदिवस चाले, आणि मध्ये कोठेही एक चूक झाली तर सारे फुकट. म्हणून एकाने काढलेले उत्तर दुसऱ्याच्या यंत्रावर पुन्हा काढून पडताळण्याची पद्धत त्यांना कित्येक वर्षे ठेवावी लागली. आणि ओव्हरक्लॉक न केलेली यंत्रेही चुकताना आढळली. त्यांचा प्राइम-९५ हा प्रोग्रॅम पुढे ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांची कसोटीच बनला, कारण तो ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते प्रोसेसरकडून जोराने करवून घेतो आणि एकही उत्तर चुकले तर तेथल्या तेथे थांबून सांगतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. घरचा संगणक, त्यावर मुलांचे खेळ, फार तर हौसेची चित्रफीत. असे असेल तर जरूर करून पाहावे. ह्या उद्योगातून उष्णता, वीज आणि संख्या ह्यांचे जेवढे शिक्षण मिळते, तेवढे पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून मिळत नाही. पण ज्या यंत्रावर पतपेढीची खातेवही आहे, दवाखान्याच्या नोंदी आहेत, कोणाच्या प्रबंधाचे आकडे आहेत, त्याचा वेग वाढविण्याचा अधिकार यंत्राच्या मालकालासुद्धा नाही. कारण तेथली शिल्लक त्याची एकट्याची नसते. आणि खरे सांगायचे तर तेथे लाभही नसतो. पत्र लिहिणे, पावती छापणे, खाते उघडून पाहणे ह्या कामांत प्रोसेसर बहुतेक वेळ आपलीच वाट पाहत बसलेला असतो.

ज्याला करावयाचे आहे त्याने घाई करू नये. आधी आहे त्या वेगावर प्रोसेसरचे तापमान पाहून लिहून ठेवावे. व्होल्टेजला हात न लावता गुणक अर्ध्या-अर्ध्या पायरीने वाढवावा आणि प्रत्येक पायरीला कसोटीचा प्रोग्रॅम तास-दोन तास चालवावा. पहिली चूक जेथे होईल तेथून एक-दोन पायऱ्या मागे यावे आणि तेथे रात्रभर चालवून पाहावे. स्मृतीची, म्हणजे रॅमची, परीक्षा निराळी घ्यावी, तिच्यासाठी मेमटेस्ट-८६ सारखे प्रोग्रॅम आहेत. हे सर्व डिसेंबरात केले असेल, तर एप्रिल-मेमध्ये दुपारच्या वेळी पुन्हा करावे. एसएमपीएस हलक्या प्रतीचा असेल तर ह्या वाटेला जाऊच नये. विजेचा खर्चही पाहावा : वरच्या उदाहरणातले जादा ३३ वॅट, रोज आठ तास पूर्ण भाराने, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे सुमारे ७९ युनिट. दहा रुपये युनिट धरले तर ८०० रुपयांच्या आत-बाहेर. पंखा आणि खोली थंड ठेवण्याचा खर्च निराळा.

बार्टन आणि पेंटियम एम आता इतिहासजमा झाले. २०१५ नंतर लॅपटॉपचे इंटेल प्रोसेसर सुटे सॉकेटात बसणारे राहिले नाहीत, ते बोर्डावर डाखलेलेच येतात. तरी जुनी कल्पना निराळ्या रूपाने परत आली आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर डाखलेला मेजावरचा मदरबोर्ड आज तयार मिळतो. मिनिसफोरम आणि एरिंग ह्या चिनी कंपन्यांचे बोर्ड ह्या प्रकारचे. एएमडीचा रायझन ९ ७९४५एचएक्स हा सोळा कोअरचा लॅपटॉपचा प्रोसेसर अशा बोर्डावर येतो. त्याची नेमून दिलेली मर्यादा ५५ वॅटपासून सुरू होते, तर मेजावरच्या सोळा कोअरच्या ७९५०एक्सची १७० वॅट.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. २००४ मध्ये शिल्लक पडून असे आणि हौशी मनुष्य ती उकरून काढी. आजचे प्रोसेसर ती आपणच खर्च करतात. ७९४५एचएक्सचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, पण थंडावा आणि वीज असली की एखाददुसरा कोअर क्षणार्धात ५.४ पर्यंत चढतो, तापला की उतरतो. त्यामुळे गुणक वाढवून हाती फारसे काही लागत नाही; खरी कळ असते ती बोर्ड त्याला किती वॅट किती वेळ खाऊ देतो, ह्यात. लॅपटॉपच्या पातळ पेटीत जो प्रोसेसर काही सेकंदांत दमतो, तोच मोठ्या हीटसिंकखाली तासन् तास तोच वेग टिकवितो, आणि तोही कंपनीने आखून दिलेल्या व्होल्टेजच्या आत. वसई-विरारच्या हवेत मला हा मार्ग जुन्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. बोर्ड घेताना मात्र त्याची हमी कोण देतो आणि बिघडल्यास तो कोठे पाठवावा लागेल, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे. कारण अशा बोर्डावरचा प्रोसेसर गेला तर लॅमिंग्टन रोडवर जाऊन नुसता दुसरा आणून बसविता येत नाही, सगळा बोर्डच बदलावा लागतो.